खिळा पायात, खीळ दातात

जानेवारी २०२५. सकाळचा पहिला चहाही व्हायचा होता आणि लातूरहून आत्याचा फोन आला. "तुमच्या नांदेडला कसली साथ यायली रे? चांगल्या चालत्या माणसाचे पाय लुळे पडायलेत म्हणं. विहिरीचं पाणी पिऊ नका बाबा." मी म्हणालो, "आत्या, ते नांदेड आपलं नव्हं. पुण्याचं हाय." तिला वाटलं, मी तिला उडवून लावतोय. "पुण्यात कुठलं आलं नांदेड?"

पण आहे. सिंहगड रस्त्यानं खडकवासल्याकडे निघालं की धायरी, किरकटवाडीच्या शेजारी नांदेड नावाचं गाव लागतं. त्याचा गोदावरीशी संबंध नाही, हुजूर साहिबशी तर नाहीच. त्या महिन्यात तिथं आणि आसपास गियां-बारे सिंड्रोमचे रुग्ण निघत गेले, आकडा पुढं दोनशेच्या घरात पोचला, गावच्या विहिरीकडे बोटं दाखवली गेली. आणि इकडं साडेचारशे किलोमीटरवर आम्ही आठवडाभर फोन घेत बसलो. उदगीरहून मेहुणीचा, अहमदपूरहून जुन्या विद्यार्थ्याचा. एका सोयऱ्यानं तर साखरपुडा पुढं ढकलता का, म्हणून विचारलं. नाव एक, गावं दोन. घाबरायचं काम मात्र चुकीच्या पत्त्यावर येऊन पडलं.

रोगाच्या नावाचे हालही काही कमी झाले नाहीत. आमच्या पेपरात ते एका दिवशी 'गुलेन बॅरी' होतं, दुसऱ्या दिवशी 'गिलियन बारे', मग सगळ्यांनीच हात टेकून 'जीबीएस' लिहायला घेतलं. आत्याच्या तोंडी ते 'गुलाबबारी' झालं आणि मला विचाराल तर तेच सगळ्यांत गोड. १९१६ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन लुळ्या पडलेल्या सैनिकांची हकिगत छापली होती. जॉर्ज गियां, जाँ-अलेक्सांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रोल. दोघांची नावं रोगाला चिकटली, तिसऱ्याचं गळलं. बिचाऱ्या स्ट्रोलला कुणी चुकीच्या उच्चारानंही हाक मारत नाही.

या रोगात जंतू नसांपर्यंत जातही नाही, ही त्यातली खरी गंमत. पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जीवाणू सापडला. तो पोटात राहतो, जुलाब करतो आणि निघून जातो. पण त्याच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं जे पांघरूण असतं, ते आपल्या नसांवरच्या काही रेणूंशी हुबेहूब जुळतं. शरीराच्या पहारेकऱ्यांनी जंतूचा चेहरा ध्यानात ठेवलेला असतो. जंतू गेल्यावर त्याच चेहऱ्याची नस दिसते आणि ते तिच्यावर तुटून पडतात. पायांपासून सुरू झालेला लुळेपणा वर सरकत छातीपर्यंत आला तर श्वासाला यंत्र लावावं लागतं. बहुतेक लोक काही महिन्यांत पुन्हा चालायला लागतात. म्हणजे आत्यानं जे केलं, तेच पुण्यातल्या त्या शरीरांनी केलं. नाव ऐकलं आणि पत्ता न बघता धावून गेली.

त्या आठवड्यात मी रोगांची नावं काढून बसलो. भाषेच्या मास्तराला निवृत्तीनंतर दुसरा उद्योग काय? आणि लक्षात आलं, की नसांना जडणाऱ्या रोगांच्या नावांत पत्ता चुकणं हा जवळपास नियमच आहे.

मुळात नसेलाच आपल्या बोलण्यात धड नाव नाही. दवाखान्यातला तक्ता म्हणतो 'मज्जातंतू', डॉक्टर म्हणतात 'नर्व्ह', पेशंट म्हणतो 'शीर'. आमच्या शिरेत रक्त वाहतं, तीच शीर मानेत आखडते, तीच कपाळात उठते. रक्तवाहिनी, दोर आणि तार, तिन्ही एकाच शब्दात कोंबलेली. यात हसण्यासारखं काही नाही, कारण ग्रीकांचंही हेच होतं. 'न्यूरॉन' म्हणजे त्यांच्याकडे मुळात स्नायुबंध, कंडरा, धनुष्याची दोरी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलसनं शरीर उघडून पाहिलं आणि संवेदना नेणारे धागे कंडरांपासून वेगळे काढले, पण शब्द तोच ठेवला. लॅटिनमधला 'नर्वस'ही आधी कंडराच. आणि या दोघांचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे: 'स्नायू'. संस्कृतात स्नायू म्हणजे हाडं बांधून ठेवणारा चिवट बंध. वैदिक 'स्नावन्', ग्रीक 'न्यूरॉन', लॅटिन 'नर्वस' ही एकाच घरातली मुलं. पुढं भावांची वाटणी झाली. बंगाल्यानं स्नायू घेऊन त्याचा अर्थ नस केला, आपण त्याचा अर्थ मांसपेशी केला. एखाद्या बंगाली डॉक्टरनं मराठी पेशंटला 'स्नायूचा आजार' म्हटलं, तर पेशंट दंड चोळत घरी जाईल.

'मज्जा'चं तसंच. आयुर्वेदाच्या सप्तधातूंतली मज्जा हाडाच्या पोकळीत असते. कवटी आणि पाठीचा कणा हीसुद्धा पोकळ हाडंच, त्यात मऊ काहीतरी भरलेलं, तेव्हा तीही मज्जाच, असा सरळ हिशेब. तिथून 'मज्जारज्जू' आणि 'मज्जातंतू'. ग्रीकांनी 'मायेलोस' म्हणजे मज्जा हाच शब्द पाठीच्या कण्यातल्या दोरालाही दिला. पोलिओचं संपूर्ण नाव पोलिओमायलायटिस: 'पोलिओस' म्हणजे करडा, 'मायेलोस' म्हणजे मज्जा. करड्या मज्जेची सूज. पाण्यातून पोटात गेलेला विषाणू शंभरातल्या एखाद्यालाही क्वचितच लुळं करतो, पण ज्याला करतो त्याच्या कण्यातल्या करड्या भागातल्या हालचालीच्या पेशी खाऊन टाकतो. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आता आमच्या गल्लीतल्या पोरांना पोलिओ म्हणजे रविवारी घालायचे दोन थेंब एवढंच माहीत आहे. रोग गेला, नाव औषधाला चिकटून राहिलं.

आता धनुर्वात.

लहानपणी पायात खिळा घुसला की आई आधी पाठीत एक धपाटा द्यायची आणि मग दवाखान्यात न्यायची. "गंजका होता का?" हा डॉक्टरांच्या आधी शेजारच्या काकूंचा प्रश्न. गंजाचा तसा काही दोष नाही. क्लॉस्ट्रिडियम टिटॅनीचे बीजाणू मातीत, शेणखतात वर्षानुवर्षं पडून असतात; खिळा फक्त त्यांना हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत नेऊन सोडतो. जंतू तिथंच बसून राहतो. प्रवास करतं ते त्याचं विष. नसेच्या टोकातून आत शिरून उलट दिशेनं, पायाकडून कण्याकडे. नसांच्या कारभारात 'आवळ' म्हणणारे निरोप असतात तसे 'सोड' म्हणणारेही असतात. हे विष नेमका 'सोड'चा निरोप दाबून टाकतं. मग प्रत्येक मांसपेशी आवळतच राहते. बहुधा सगळ्यांत आधी जबडा, मग मान, मग पाठ. इतकी, की अंथरुणावर माणूस डोकं आणि टाचा टेकवून कमानीसारखा उभा राहतो.

जबडा आवळला जातो त्याला मराठीत शब्द आहे 'दातखीळ'. खीळ म्हणजे 'कील', अडसर. संस्कृत 'कील', प्राकृत 'खील', आणि त्यातूनच आपली 'खीळ' आणि आपला 'खिळा'ही. म्हणजे पायात जो शिरला आणि दातात जी बसली, ते एकाच शब्दाचे दोन लेक. हा शब्द ज्यानं घडवला त्याला बीजाणू ठाऊक असणं शक्य नाही, योगायोगच तो. पण चाळीस वर्षं शब्दांच्या मागं हिंडूनही असा योगायोग मला दुसरा भेटला नाही. आज मात्र 'दातखीळ बसली' आपण सभेत पुढाऱ्याला प्रश्न विचारल्यावर म्हणतो. रोग मागं पडला आणि वाक्प्रचार नुसता चेष्टेला उरला.

सुश्रुतानं या आजाराला 'धनुःस्तंभ' म्हटलं. पुढं वाकणारा आणि मागं वाकणारा असे त्याचे प्रकार केले. ग्रीक वैद्यांनीही अगदी अशीच दोन नावं पाडली, पुढून ताणलेला आणि मागून ताणलेला. 'टिटॅनस' या शब्दात ताणणंच आहे. ग्रीकमध्ये ताणणे म्हणजे 'तेइनेन' आणि संस्कृतात 'तन्'. आपला 'ताण', विणकराचा 'ताणा', 'तंतू', 'तंत्र' सगळे त्या 'तन्'चेच. म्हणजे 'मज्जातंतू'तला तंतू आणि 'टिटॅनस' हे चुलतभाऊ. त्यात 'न्यूरॉन' म्हणजे धनुष्याची दोरी हे आठवा. धनुष्य आमच्या शब्दात राहिलं आणि दोरी त्यांच्या. चुकला असेल तर फक्त 'वात'. शरीरात काही आखडलं, थरथरलं, लुळं पडलं की आपण ते वाऱ्याच्या नावावर लिहून मोकळे होतो.

बाळंतघरातला धनुर्वात ही वेगळीच कहाणी होती. नाळ कशानं कापली, तिला काय लावलं, यावर कोवळा जीव जगायचा की जायचा ते ठरे. पाचवी पुजली जायची, सटवाई कपाळावर लिहून जायची, आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाळाचं दूध ओढणं अचानक बंद व्हायचं. दातच नाहीत तर खीळ कुणाला दिसणार? २०१५ साली बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. त्याची ना कुठं मिरवणूक निघाली ना फटाके वाजले.

विष उलटं चढतं तसा एक विषाणूही चढतो. कुत्रं चावतं पोटरीला आणि माणूस जातो डोक्यानं. मधल्या आठवड्यांत, कधी महिन्यांत, रेबीजचा विषाणू नसेतून दिवसाला काही मिलिमीटर, काही सेंटिमीटर असा वर सरकत असतो. म्हणून तोंडावरचा चावा पायावरच्यापेक्षा घाईचा. मेंदूत पोचला की तो पुन्हा नसांतूनच खाली उतरून लाळेत येतो, म्हणजे पुढच्या चाव्याची सोय. 'पिसाळणे' हे आपलं क्रियापद. त्याच्या पोटात 'पिसे' आहे, म्हणजे वेड; आणि 'पिसे'च्या पोटात 'पिशाच'. पिसाळलेलं म्हणजे पिशाचानं धरलेलं. याच 'पिसे'ला संतांनी देवाच्या वेडाचा गोड अर्थ दिला आणि 'वेडापिसा' आईच्या तोंडी मायेचा झाला, हे मराठीचं औदार्य. ग्रीकांचा शब्द 'लिसा', पिसाळलेपण. युरिपिडीसच्या नाटकात ती चक्क वेडाची देवता होऊन रंगमंचावर येते. विषाणूशास्त्रानं याच्या कुळाला तिचंच नाव दिलं, लिसाव्हायरस. आपण पिशाच म्हटलं, त्यांनी देवी म्हटली. बाहेरून कुणीतरी आत शिरलंय, एवढं दोघांनी बरोबर ओळखलं.

माझ्या पिढीला कुत्रं म्हटलं की आठवतात पोटातली चौदा इंजेक्शनं. कसौलीला डेव्हिड सेम्पलनं १९११ मध्ये काढलेली ही लस मेंढीच्या मेंदूपासून व्हायची. त्या मेंदूचा अंश अंगात गेल्यावर क्वचित कुणाच्या शरीराचे पहारेकरी त्याच्याच नसांवर उलटत आणि लशीनंच माणूस लुळा पडे. पुन्हा तोच चेहऱ्याचा घोटाळा. २००५ च्या सुमारास ती लस आपल्याकडे बंद झाली. आता दंडावर चार-पाच टोचण्या. पोरांना चौदाचा धाक घालता येत नाही, एवढंच काय ते नुकसान.

नागिणीबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण ती मला स्वतःला झाली होती. डाव्या कुशीत आधी आग. अंगात सदरा घालवेना. तिसऱ्या दिवशी पाण्यानं भरलेल्या पुळ्यांचा पट्टा, पाठीच्या कण्यापासून बेंबीपर्यंत. त्वचेच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. आत्या लातूरहून गेरू घेऊन आली. "लेप लावून घे. दोन्ही तोंडं मिळाली तर माणूस वाचत नसतंय." वेटोळं पूर्ण झालं की मरण, ही समजूत अख्ख्या महाराष्ट्रात आहे आणि मला तिचा आता रागही येत नाही, कारण ती खोटी ठरायची वेळ सहसा येतच नाही. लहानपणी कांजण्या येऊन गेलेल्या असतात. त्यांचा विषाणू जात नाही. कण्याच्या कडेला नसांच्या ज्या गाठी असतात त्यांत तो पन्नास-पन्नास वर्षं झोपून राहतो. वय झालं, शरीराचा पहारा ढिला पडला, की एखाद्या गाठीतून उठून त्या एकाच नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूची, मधल्या रेषेपाशी तिची हद्द संपते. म्हणून नागीण अर्ध्यावर थांबते, आणि गेरूला श्रेय मिळतं.

'हर्पीस' हा शब्द ग्रीक 'हेर्पेन'वरून आला, म्हणजे सरपटणे. त्याचं लॅटिन भावंड 'सर्पेन्स', आणि संस्कृत भावंड 'सृप्', ज्याच्यापासून आपला 'सर्प'. ग्रीक वैद्याला आणि आमच्या आत्याला कातडीवर पसरणाऱ्या दुखण्यात सरपटणंच दिसलं, शब्द तेवढे वेगळे. मी आत्याला म्हणालो, "तुझी नागीण ग्रीक हाय." ती म्हणाली, "असंल. पर लेप लाव." 'झोस्टर' म्हणजे कंबरपट्टा. नागीण गेली, पण ती वाट अजूनही कधी रात्री पेटते. फोड कातडीवरचे होते, घाव नसेला झालेला असतो.

मेंदूज्वराबद्दल शब्दांच्या अंगानं फारसं सांगण्यासारखं नाही. मेंदू आणि ज्वर, झालं. पण त्यातल्या एका विषाणूला गावाचं नाव आहे. नागपूरजवळचं चांदीपुरा. १९६५ साली तिथल्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला. २००३ मध्ये आमच्या सीमेपलीकडच्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशात त्यानं थैमान घातलं, नोंदलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ गेली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा तेच नाव. तो पसरवते वाळूमाशी, जी वाळूत राहत नाही. तिला लागतात मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याची ओल. आमच्याकडची जुनी माळवदाची घरं तिला पसंत पडावीत अशीच. आणि चांदीपुऱ्यातल्या माणसानं कुठंही जाऊन गावाचं नाव सांगावं, तर पुढचा मनात दोन पावलं मागं सरकणार. रोगाला गावाचं नाव देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं. नुसतं नाव सारखं निघालं तर काय होतं, ते आम्ही नांदेडकरांनी पुढं भोगलंच.

लुळेपणाला आमच्याकडे निजामाच्या काळापासून 'फालिज' म्हणतात. अरबीत त्या धातूचा अर्थ दोन भाग करणे. आमचा 'अर्धांगवायू'ही अर्ध्याचाच. 'लकवा'ही अरबीच, मुळात फक्त वाकड्या झालेल्या तोंडाचा, आपण तो हातापायांनाही लावला, मग वर्तमानपत्रांनी सरकारच्या धोरणाला लावला.

राहिला तो सगळ्यांत जुना. त्याला आमच्याकडे 'रगतपिती' म्हणत, दबक्या आवाजात. आयुर्वेदातलं 'रक्तपित्त' म्हणजे नाकातोंडातून रक्त पडणं. त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. तिकडं ग्रीक 'लेप्रा' म्हणजे खवले सुटणारा कुठलातरी त्वचारोग. बायबलच्या भाषांतरात तो शब्द भलत्याच ठिकाणी बसला आणि पुढं जगानं तो या रोगाच्या माथी मारला. दोन्हीकडे पत्ता चुकला, आणि चुकून सगळे कातडीकडे बघत राहिले. कुष्ठ हा आधी नसांचा रोग आहे. १८७३ साली नॉर्वेत हान्सेननं पाहिलेला तो जीवाणू नसेभोवतीच्या वेष्टणातल्या पेशींत घर करतो आणि शरीराचे थंड भाग शोधतो, म्हणून कातडीलगतच्या नसा. कोपरापाशी जिथं लागलं की झिणझिण्या येतात, तिथली नस सुतळीसारखी जाड होते. बोटं गळून पडत नाहीत. चुलीवरचा तवा भाजल्याचं कळत नाही, काटा रुतल्याचं कळत नाही, जखम चिघळत राहते आणि बोट झिजतं. नांदेडजवळ नेरलीच्या कुष्ठधामात पूर्वी गेलो होतो, तिथं पहिली गोष्ट मला हीच शिकवली गेली.

'बधीर' आणि 'बहिरा' हा मुळात एकच शब्द आहे. संस्कृत 'बधिर' म्हणजे ऐकू न येणारा. प्राकृतातून घासत घासत तो 'बहिरा' होऊन कानाला गेला, आणि संस्कृत रूप तसंच राहून कातडीला गेलं. बधीर चट्टा म्हणजे बहिरी झालेली कातडी. हाक मारा, ओ देत नाही. 'सुन्न' तर 'शून्य'च, 'सुण्ण' होऊन आलेलं.

कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत एकदा आशाताईंबरोबर मुखेडकडच्या एका गावात गेलो होतो. माळवदाच्या घरापुढं ओट्यावर एक बाई तूर पाखडत बसली होती. मनगटाच्या वर फिकट चट्टा. "खाजवत नाही, दुखत नाही, मग रोग कसला?" असं तिचं म्हणणं. आशाताईंनी सूप बाजूला ठेवायला लावलं, डोळे मिटायला सांगितले आणि पेन काढलं. "जिथं टेकंल तिथं बोट ठेवायचं." पेनाचं टोक खांद्यावर टेकलं; बोट खांद्यावर गेलं. दंडावर टेकलं, बोट दंडावर. कोपराच्या आतल्या बाजूला, तिथंही बरोबर. मग बाई डोळे मिटून, बोट हवेत धरून, हसत थांबली.

"लावा की ताई," ती म्हणाली.

पेन चट्ट्यावर टेकलेलंच होतं.